जाळी एक, बिलाच्या ओळी बारा

प्रश्न : माझे दाजी शेंद्रा एमआयडीसीत कामाला आहेत. रात्रपाळी संपवून करमाडला येताना जालना रोडवर त्यांच्या दुचाकीला अपघात झाला. मांडीचं हाड मोडलं आणि डोक्याला मार लागून आत थोडा रक्तस्राव झाला. आठ-नऊ दिवसांनी पाय टम्म सुजला. डॉपलरमध्ये शिरेत रक्ताची गाठ निघाली. डोक्यातल्या रक्तस्रावामुळे रक्त पातळ करायचं औषध देता येईना, म्हणून पोटातल्या मोठ्या शिरेत जाळी बसवली. आता दाजी घरी आहेत, कुबड्या घेऊन अंगणात फिरतात.

माझा प्रश्न बिलाचा आहे. जाळी एकच बसवली, पण बिलात तिच्या बारा ओळी : जाळीची किंमत वेगळी, कॅथलॅब वेगळी, डॉक्टरांची फी वेगळी, सोनोग्राफी वेगळी, डाय वेगळी, वायर वेगळी, असं बरंच. माझी भाची पुण्यात मेडिकल कोडिंगचा कोर्स करते. ती म्हणते, ‘मामा, अमेरिकेत या सगळ्याला एकच कोड. सोनोग्राफी वेगळी लावली तर क्लेम परत येतो.’ मग आपल्याकडे हे कसं चालतं? आपल्याकडे कोड नसतात का? शिवाय आम्ही ठरलेल्यापेक्षा महाग खोली घेतली म्हणून विमा कंपनीने जाळीच्या किमतीतूनही पैसे कापले. हे बरोबर आहे का?

– एक वाचक, करमाड

उत्तर : तुमची भाची बरोबर बोलते. तुमचं बिलही बहुधा नियमाला धरूनच असेल. जाळीच्या किमतीतली कपात मात्र मला चुकीची वाटते आणि ती परत मागता येते. आधी कोडचं बघू, मग पैशाचं.

पायातल्या खोल शिरेत धरलेली गाठ सुटली, तर ती वर सरकत उदरातल्या महाशिरेतून हृदयात आणि तिथून फुप्फुसात जाऊन अडकते. माणूस बोलता बोलता जातो तो अशाने. पहिला उपाय म्हणजे रक्त पातळ करणारं औषध. ते देता येत नसेल, किंवा देऊनही गाठी होत असतील, तर मूत्रपिंडाच्या शिरा जिथे मिळतात त्याच्या जरा खाली महाशिरेत धातूची जाळी ठेवतात. मांडीच्या किंवा मानेच्या शिरेतून बारीक नळी घालायची, आत मिटलेली जाळी नेऊन सोडायची, ती छत्रीच्या काड्यांसारखी उघडून शिरेच्या भिंतींना टेकते. रक्त वाहत राहतं, गाठ अडते. पोट उघडावं लागत नाही, पूर्ण भूलही बहुतेक वेळा लागत नाही.

हे तंत्र फार जुनं नाही. पूर्वी सर्जन पोट उघडून ती शीर सरळ बांधूनच टाकत. १९६७ मध्ये काझी मोबिन-उद्दीन यांनी शिरेत सोडायची छत्रीच्या आकाराची जाळी आणली, पण तिच्यामुळे शीरच बंद पडायचं प्रमाण मोठं होतं. मग १९७३ मध्ये लाझार ग्रीनफिल्ड या सर्जनने ओक्लाहोमातल्या गार्मन किमेल यांच्यासोबत शंकूच्या आकाराची जाळी केली. किमेल डॉक्टर नव्हते, तेलविहिरींची यंत्रं बनवणारे अभियंता होते. तेलाच्या पाइपात गाळ अडवायचा पण तेल थांबू द्यायचं नाही, हे त्यांचं रोजचं काम. शंकूत गाळ मधोमध टोकाशी साठतो, कडेने प्रवाह चालू राहतो. दाजींच्या पोटात जे आहे त्याची वंशावळ अशी तेलविहिरीपर्यंत जाते. शेंद्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला ही गोष्ट आवडेल म्हणून सांगितली, बिलाशी तिचा संबंध नाही.

आता भाचीचा मुद्दा. अमेरिकेत डॉक्टरांनी केलेल्या प्रत्येक कामाला पाच अंकी सीपीटी क्रमांक असतो. ही यादी तिथली डॉक्टरांची संघटना, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशन, १९६६ पासून काढते. महाशिरेत जाळी बसवण्याचा क्रमांक ३७१९१. जाळी सरकवून नीट करण्याचा ३७१९२ आणि काढण्याचा ३७१९३. हे तिन्ही १ जानेवारी २०१२ पासून लागू झाले. त्याआधी तिथेही तुमच्या बिलासारखंच चालायचं : जाळीचा एक कोड, एक्स-रे चित्रं बघून त्यांचा अहवाल देण्याचा दुसरा, नळी महाशिरेत नेण्याचा तिसरा. मग तिथल्या दर सुचवणाऱ्या समितीच्या लक्षात आलं की काही कोड जवळजवळ नेहमी जोडीनेच येतात. शंभरातल्या पंचाहत्तर किंवा जास्त वेळा जे कोड सोबत येतात, ते तपासून एकत्र बांधायचे, अशी त्यांची चाळणी आहे. त्या चाळणीतून ३७१९१ तयार झाला. शिरेत सुई घालणं, नळी नेणं, सोनोग्राफीने जागा बघणं, डाय टाकून चित्रं काढणं, अहवाल लिहिणं, सगळं त्याच्या पोटात. म्हणून सोनोग्राफीचा ७६९३७ वेगळा लावला की संगणक क्लेम परत पाठवतो. भाचीला परीक्षेत हा प्रश्न कधी ना कधी येणारच.

या एका कोडमागे आणखी एक गोष्ट आहे, ती कोर्समध्ये थोडी उशिरा शिकवतात. ३७१९१ हा डॉक्टरच्या कामाचा कोड. रुग्ण दाखल असेल तर रुग्णालय आपलं बिल दुसऱ्याच भाषेत करतं. तिला आयसीडी-१० पीसीएस म्हणतात. अमेरिकेत ती १ ऑक्टोबर २०१५ पासून सक्तीची झाली.

आणि तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, ‘आपल्याकडे कोड नसतात का?’, त्याचं उत्तर इथेच आहे. असतात. तुमच्या हातूनच गेले असतील. आरोग्य विम्याच्या क्लेम फॉर्मचे दोन भाग असतात. भाग अ तुम्ही भरता, भाग ब रुग्णालय भरतं. भाग ब मध्ये मुख्य निदान, इतर निदान, सोबतचे आजार यांच्यासमोर आयसीडी-१० कोडच्या चौकटी असतात, आणि त्याखाली केलेल्या प्रक्रियांसमोर आयसीडी-१० पीसीएसच्या चौकटी. कॅशलेससाठी जो पूर्वमंजुरीचा फॉर्म जातो, त्यातही याच दोन चौकटी आहेत. म्हणजे पुण्यात बसून भाची अमेरिकेसाठी जी लिपी शिकते आहे, तिची एक ओळ दाजींच्या कागदावरही आहे. झेरॉक्स असेल तर काढून बघा.

तिथे नीट भरलं असेल तर हे दिसेल : ०६एच०३डीझेड. सात अक्षरं, प्रत्येकाचं काम ठरलेलं. पहिलं शून्य म्हणजे शस्त्रक्रिया विभाग. सहा म्हणजे शरीराच्या खालच्या भागातल्या शिरा. एच म्हणजे वस्तू आत बसवणं. पुढचं शून्य म्हणजे उदरातली महाशीर. तीन म्हणजे कातडीतून सुईने, मोठा चिरा न देता. डी म्हणजे नळीच्या आत राहणारं उपकरण. झेड म्हणजे यापुढे सांगण्यासारखं काही नाही. शून्य आणि एक या अंकांशी गल्लत नको म्हणून ओ आणि आय ही इंग्रजी अक्षरं या लिपीत वापरतच नाहीत. तरी आपल्याकडे घाईत भरलेल्या फॉर्मवर शून्याच्या जागी ओ ठोकलेला मी पाहिला आहे. काउंटरवरचा पोरगा बिचारा रात्री अकरा वाजता सहावा डिस्चार्ज करत असतो.

निदानाच्या कोडची गंमत निराळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० यादीत पायाच्या खोल शिरेतली गाठ आय-८०.२ या घरात बसते. अमेरिकेने स्वतःसाठी वाढवलेल्या यादीत तीच आय-८२.४ च्या घरात जाते आणि पुढे डावा पाय, उजवा पाय, कोणती शीर असे फाटे फुटतात. आपल्याकडे दोन्ही याद्या चालतात. एका टेबलावर हे पुस्तक, दुसऱ्यावर ते. त्यामुळे दोन कागदांवर दोन कोड दिसले तर लगेच घाबरू नका. आजार एकच आहे ना, एवढं बघा. मात्र कोड फक्त मांडीच्या हाडाचा असेल आणि गाठीचा नसेलच, तर ते दुरुस्त करून घ्या. हाड मोडलं म्हणून शिरेत जाळी का बसवली, असा प्रश्न विमा कंपनीच्या डॉक्टरला पडला तर त्यात त्याची चूक नाही.

मग कोड असूनही ओळी बारा का? कारण आपल्याकडे खासगी रुग्णालयात कोड लिहिला जातो, पण दर त्यावरून ठरत नाही. दर ठरतो रुग्णालयाच्या दरपत्रकावरून, आणि बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत ते दरपत्रक खोलीच्या वर्गाप्रमाणे चढतं. जनरल वॉर्डातल्या माणसाला कॅथलॅबचा जो दर, त्याहून सेमी-प्रायव्हेटमधल्या माणसाला जास्त, डिलक्सवाल्याला आणखी जास्त. यंत्र तेच, डॉक्टर तेच, जाळीही तीच. हे मला कधीच पटलेलं नाही. पण बेकायदा म्हणता येत नाही, आणि आपण खोली निवडताना पंखा की एसी एवढंच बघतो, हेही खरं. म्हणून दाखल करताना ‘खोलीचं भाडं किती’ याच्या सोबतीने ‘खोली बदलली तर ऑपरेशनचा दर बदलतो का’ हे विचारायचं. उत्तर ‘हो’ असेल तर ते लिहून मागायचं.

जाळीच्या किमतीला सरकारी कमाल मर्यादाही नाही. हृदयाच्या स्टेंटला आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने साध्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रुपये आणि औषधी स्टेंटची २९,६०० रुपये ठरवली, नंतर ती वेळोवेळी बदलली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्यांचा नंबर लागला. शिरेतली जाळी त्या यादीत आली नाही. तिच्यावर बंधन आहे ते छापील किमतीचं : छापल्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही, आणि कंपनीने वर्षभरात ती किंमत दहा टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही. वैद्यकीय उपकरणं १ एप्रिल २०२० पासून औषधांच्या कायद्याखाली आली, त्यानंतर हा नियम सगळ्यांना लागू झाला.

म्हणून जाळीचा स्टिकर जपून ठेवा. डब्यावरचा सोलून तो केस पेपरवर चिकटवतात आणि एक प्रत क्लेमला जोडतात. त्याच्याकडे एकदा नीट बघा. छोट्या कारखान्याचं चित्र म्हणजे बनवणारी कंपनी. वाळूच्या घड्याळाचं चित्र म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत वापरायची. वर्तुळात दोनचा आकडा आणि त्यावर काट म्हणजे एकदाच वापरायची वस्तू, पुन्हा नाही. त्याखाली मॉडेलचा क्रमांक आणि लॉट क्रमांक. हाच लॉट क्रमांक पुरवठादाराच्या पावतीवर हवा. दोन्ही जुळले की ‘जाळी खरंच बसवली का, हीच का’ हा वाद मिटतो. पुढे कधी दाजींना एमआरआय करायची वेळ आली तर तंत्रज्ञ पहिल्यांदा हाच स्टिकर मागेल.

कोडवरून पैसे ठरतात असं आपल्याकडे एक मोठं ठिकाण मात्र आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ही २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये नाव बदललं. १ जुलै २०२४ पासून रेशनकार्डाचा रंग न बघता ती राज्यातल्या सगळ्यांना लागू झाली, कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत. तिथे ओळी नसतात, पॅकेज असतं. २०२३ च्या शासन निर्णयात अशी १,३५६ पॅकेजं होती. प्रत्येकाला आपला क्रमांक, त्या क्रमांकाला ठरलेली रक्कम, आणि त्यातच खाट, जेवण, औषध, तपासण्या, उपकरण, शिवाय घरी गेल्यावर दहा दिवसांचा पाठपुरावा. अमेरिकेने २०१२ मध्ये जे एका जाळीपुरतं केलं, ते महाराष्ट्राने त्याच वर्षी निम्म्या दवाखान्याच्या बिलाला केलं, असं म्हटलं तरी चालेल. पॅकेजची रक्कम परवडत नाही अशी रुग्णालयांची कुरकुर असते, आणि ती सगळी खोटी नाही. घाटी या सरकारी रुग्णालयात किंवा योजनेतल्या कुठल्याही रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. त्याला ‘आमच्या पेशंटला चालेल का’ असं मोघम विचारू नका. ‘कोणत्या पॅकेजखाली, त्याचा क्रमांक काय’ असं विचारा. मग तो यादी उघडतो. फोनवर हीच चौकशी १५५३८८ या क्रमांकावर होते.

आता तुमच्या पैशाचं.

पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल आणि तुम्ही त्याहून महाग खोली घेतली, तर कंपनी फक्त भाड्यातला फरक कापत नाही. ती त्याच प्रमाणात इतर खर्चही कमी करते. याला प्रमाणशीर कपात म्हणतात. वर सांगितलेल्या चढत्या दरपत्रकामुळे ती आली, तिच्यात तर्क आहे. पण विमा नियामक प्राधिकरणाने २०२० मध्ये तिला कुंपण घातलं. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नव्या पॉलिसींना आणि १ एप्रिल २०२१ पासून नूतनीकरण होणाऱ्या जुन्या पॉलिसींना हा नियम लागला : औषधं आणि वापरून टाकायच्या वस्तू, शरीरात बसवायची उपकरणं, आणि तपासण्या या तिन्हींना ही कपात लावायची नाही. अतिदक्षता विभागाच्या भाड्यालाही नाही. आणि जिथे खोलीप्रमाणे दर बदलतच नाहीत, त्या रुग्णालयाच्या बिलाला तर मुळीच नाही.

आकडे घालून बघू, म्हणजे तुम्हाला विमा कंपनीच्या कपातपत्रावर ताडता येईल. समजा पॉलिसीत खोलीला रोज चार हजार आहेत आणि तुम्ही सहा हजारांची घेतली. प्रमाण दोन तृतीयांश. सहा दिवसांचं भाडं ३६,००० झालं, त्यातले २४,००० मिळतील. डॉक्टर, कॅथलॅब, नर्सिंग यांचे समजा ६०,०००, त्यातले ४०,००० मिळतील. इथवर कंपनीचं बरोबर. पण जाळीचे समजा ६०,००० आणि औषधं-तपासण्यांचे ५४,००० पुरे मिळायला हवेत. एकूण बिल २,१०,०००, मिळायचे १,७८,०००. कंपनीने सरसकट दोन तृतीयांश केलं असेल तर हातात १,४०,०००. फरक ३८,००० रुपयांचा, म्हणजे दाजींचे दीड-दोन पगार. तुमच्या कपातपत्रात जाळीच्या ओळीसमोर कापलेली रक्कम दिसत असेल, तर हेच झालंय.

हातमोजे, थर्मामीटर, बेल्ट अशा किरकोळ गोष्टी कापल्या असतील तर तिथे भांडायला फारसा वाव नाही. नियामकाच्या चार याद्या आहेत. पहिल्या यादीतल्या ६८ वस्तू कंपनी देत नाही. बाकीच्या तीन याद्यांमधल्या वस्तू खोलीभाडं, प्रक्रियेचा दर किंवा उपचाराचा खर्च यांतच धरल्या जातात, त्यांचे वेगळे पैसे लावायचे नसतात. बघा, बांधून टाकण्याची कल्पना आपल्याकडेही आहेच, फक्त ती कापसाच्या बोळ्यापाशी थांबते, सोनोग्राफीपर्यंत पोचत नाही.

पैसे मागायची वाट अशी. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाला लेखी पत्र, इमेल चालेल. त्यात एकच मुद्दा : शरीरात बसवलेल्या उपकरणाला प्रमाणशीर कपात लावली, ती परत करा. खोलीवर रुसवा, कर्मचाऱ्यांची वागणूक, दोन दिवस उशिरा डिस्चार्ज, हे सगळं त्यात घालू नका, मूळ मुद्दा त्याखाली दबतो. सोबत पॉलिसीची प्रत, कपातपत्र, जाळीची पावती आणि स्टिकर. पॉलिसी दाजींच्या कारखान्याने काढलेली गट पॉलिसी असेल तर प्रत एचआरकडून घ्या, तिच्या अटी वेगळ्या असू शकतात, कधीकधी आपल्या फायद्याच्याही. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं. आपला जिल्हा त्यांच्याकडे येतो. वर्षाच्या आत जायचं, फी नाही, वकील लागत नाही. पन्नास लाखांपर्यंतचे वाद ते ऐकतात. नियामकाचा १५५२५५ हा क्रमांकही आहे, तिथे तक्रारीला नंबर पडतो आणि नंबर पडला की कंपनीतली फाइल जरा लवकर हलते, एवढा अनुभव आहे.

‘जाळीची गरजच नव्हती’ असं म्हणून कंपनीने पुढे शंका काढली, तर तिथे कोड कामाला येत नाही. कोड काय केलं ते सांगतो, का केलं ते सांगत नाही. ते डिस्चार्ज कार्डातल्या एका वाक्यातून कळतं : डोक्यात रक्तस्राव असल्याने रक्त पातळ करणारी औषधं देता आली नाहीत. ते वाक्य तुमच्या कार्डात आहे का? नसेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून स्वतंत्र पत्र घ्या, डोक्याच्या सीटी स्कॅनचा आणि पायाच्या डॉपलरचा अहवाल जोडा. मूळ केस पेपरच्या प्रती मागितल्या तर डॉक्टरांनी ७२ तासांत द्याव्यात, असा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे.

तुम्ही विचारलं नाही, पण अपघाताचा उल्लेख केला म्हणून तीन गोष्टी. दाजींचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ते कामगार राज्य विम्यात असायला हवेत, आणि कामावर जाता-येतानाचा अपघात २०१० च्या दुरुस्तीनंतर कामावरचाच धरला जातो, वेळ आणि रस्ता कामाशी जोडलेला दाखवता आला की. रात्रपाळीची हजेरी हा त्याचा पुरावा. तिथून सांगून पाठवलेल्या रुग्णालयात जाळीच काय, पुढचा खर्चही तुमच्या खिशातून जात नाही, आणि रजेच्या काळातला पगाराचा मोठा हिस्साही मिळतो. दुसरं, केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये रस्ता अपघातातल्या जखमींसाठी दीड लाखांपर्यंत कॅशलेस उपचारांची योजना काढली, पण ती अपघातापासून सात दिवसांची. शिरेतली गाठ बहुधा नंतरच डोकं वर काढते, दाजींची आठव्या-नवव्या दिवशी निघाली. तरी हाडाच्या ऑपरेशनचा खर्च त्यात बसला असता. तिसरं, मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा करायचा असेल तर तिथेही मूळ बिलं मागतात आणि विमा कंपनीही मूळच मागते. विमा कंपनीला देण्याआधी रुग्णालयाचा शिक्का मारलेल्या प्रती काढून ठेवा, आणि कंपनीने किती दिले त्याचं पत्रही.

राहिली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि बिलात तिची ओळच नसते. ही जाळी बहुधा कायमची नाही. हल्ली बसवतात त्यातल्या बऱ्याच काढता येण्याजोग्या असतात, टोकाला बारीक आकडा असतो. मानेच्या शिरेतून फास नेऊन तो आकडा पकडायचा आणि जाळी नळीत ओढून घ्यायची. फ्रान्समध्ये चारशे रुग्णांवर झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की जाळीमुळे फुप्फुसात गाठ जाण्याचं प्रमाण कमी झालं, पण पायात पुन्हा गाठी होण्याचं वाढलं, आणि मृत्यूंच्या संख्येत फरक पडला नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०१० मध्ये जाहीर केलं की २००५ पासून त्यांच्याकडे जाळ्यांबद्दल ९२१ तक्रारी आल्या : ३२८ जागा सोडून सरकल्याच्या, १४६ तुकडे सुटून वाहून गेल्याच्या, ७० शीर भेदल्याच्या, ५६ मोडल्याच्या. मग २०१४ मध्ये त्यांनी हिशेब मांडला की धोका टळला असेल तर बसवल्यापासून २९ ते ५४ दिवसांच्या दरम्यान काढलेली बरी. दाजींच्या बाबतीत कधी काढायची, ते त्यांच्या डोक्याचं आणि पायाचं बघून डॉक्टरच ठरवतील. पण विचारायचं तुम्हाला आहे. बसवणारे डॉक्टर वेगळे, हाडाचे वेगळे, डोक्याचे वेगळे. तिघांनाही वाटतं दुसरा सांगेल. रुग्ण चालायला लागतो, कंपनीत रुजू होतो आणि जाळी आत राहते.

काढायला खर्च येतो आणि तो वेगळा क्लेम असतो. अमेरिकेत त्याला वेगळा क्रमांक आहे तो यासाठीच. आपल्याकडे ही प्रक्रिया सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येण्याइतकी असू शकते. चोवीस तास दाखल नव्हते म्हणून क्लेम नाही, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, भूल किंवा जागेपुरती भूल देऊन केलेली प्रक्रिया डे-केअरच्या व्याख्येत येते. मात्र शेवटच्या तपासणीपासून ४५ दिवसांच्या आत त्याच आजाराने पुन्हा दाखल झाल्यास दोन्ही मिळून एकच आजार धरतात, त्यामुळे पॉलिसीत आजारागणिक मर्यादा असेल तर पहिल्या क्लेममध्ये किती उरलं ते आधी तपासा. डिस्चार्ज कार्डावर ‘रिट्रीव्हेबल’ असा शब्द आहे का ते आजच बघा. असेल तर जाळी बसवणाऱ्या डॉक्टरांची वेळ घ्या, काढण्याचा अंदाजे खर्च लेटरहेडवर मागा आणि तो कागद विमा कंपनीला पूर्वमंजुरीसाठी पाठवा. या वेळी खोली मात्र पॉलिसीत बसेल तीच घ्या.